सुताचा विसावा हिस्सा

मंगळवारी दफ्तरखाना दहाला उघडतो.
हेस्टर क्वेफ माझं पेन काढून घेते,
पेन्सिल देते, आणि दरवेळी विचारते,
"अजून तेच?"
अजून तेच.
रायफलच्या नळीत सळी खुपसून
तिच्या टोकावरचा बाँब
पहिल्यांदा कुणी उडवला?

चार माणसं म्हणतात, मी.
चौघांचीही पेटंटं आहेत,
शाई चौघांचीही तपकिरी झालेली.
आणि त्यांच्या कितीतरी पिढ्या आधी
मस्केटच्या तोंडावर पितळी वाटी बसवून
कुणीतरी हे करून पाहिलं होतंच.
आधी वात पेटवायची की आधी बार काढायचा,
या प्रश्नात त्याचा अंगठा गेला असावा.
वाटी विसरली गेली.
शोध लागतात त्याहून जास्त विसरले जातात,
असं मी वहीत लिहिलं, आणि खोडलं.
असली वाक्यं लिहायला मी इथे येत नाही.

चाळीस वर्षं मी लेथवर काढली,
केंटच्या या खाऱ्या दलदलीच्या काठी.
माणसांपेक्षा मला मापं लवकर कळतात.
सळी नळीत सरकली पाहिजे,
खुळखुळता कामा नये.
मागे काडतूस भरायचं ते बिनगोळीचं.
अंधारात कुणी गोळीचं भरलं तर काय होतं,
त्यावर एक पत्रक आहे. दीड ओळीचं.
सळ्यांनी नळ्या फुगत.
फुगलेल्या रायफली तारेने आवळून
त्याच एका कामाला वेगळ्या ठेवत,
मुरगळलेलं मनगट बांधून
पुन्हा जात्याला लावावं तशा.

फेब्रुवारीत हेस्टरने चुकून दुसराच खोका आणला.
नकाशे नाहीत, पेटंटं नाहीत,
दंडाची वही.
"डॉरकस टिल्डन. सळ्या एकशे चाळीस, जाड.
दंड चार पेन्स."
जाड म्हणजे किती, ते शेजारी लिहिलेलं.
हिशेब केला:
सुताचा विसावा हिस्सा.
शेऱ्यात बारीक अक्षरात,
"मुलगी म्हणते, गेजच झिजलंय."
गेज कुणी तपासलं,
याची नोंद पुढच्या पानावर नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.

माझ्या घरी, मोज्यांच्या खणात, एक सळी आहे.
फ्लँडर्समधल्या योरिस डेक्लर्कच्या शेतात
बीट उपटताना वर आलेली.
बाँब लष्कराची गाडी घेऊन गेली,
तुटलेली सळी त्याने मला दिली
तंबाखूच्या एका डबीवर.
तिच्यावर कानशीचे ओरखडे आहेत,
आडवे, तिरके, एकावर एक.
हे लेथचं काम नाही.
गुडघ्यांत सळी धरून, घाईघाईत,
कुणीतरी ती घासली,
नळीत अडकू नये म्हणून.
रात्रीत अशा किती घासल्या असतील?

पुढच्या मंगळवारी ती मोज्यातच गुंडाळून नेली.
बाँबाकडच्या टोकाला, जिथे कानस पोचली नाही,
मायक्रोमीटर लावला.
दोनदा लावला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही,
एवढं मलाही कळतं.
त्या कारखान्यात तीनशे मुली होत्या,
झिजलेली गेजं आणखीही असतील,
आणि सळीवर कुणाचंच नाव नसतं.
तरी माझा हात थोडा वेळ
त्या वहीवरून उठला नाही.

"गेजच्या दुरुस्तीच्या पावत्या कुठे असतात?"
"पुरात गेल्या," हेस्टर म्हणाली,
"खालच्या तळघरातलं सगळंच गेलं.
आणि तुमचा तो पहिला माणूस?"
मी पेन्सिल परत केली.
"यापुढे ते लोखंड आणू नका," ती म्हणाली,
"दारावरचा मुलगा घाबरतो."

रात्री स्वयंपाकघरात वही उघडली.
पेटंटांची चार पानं तशीच ठेवली.
पाचव्यावर, या वेळी पेनाने:
गेज झिजलं होतं.
पुराव्याचा रकाना
अजून कोरा आहे.